पाणी मुरते कुठे?

गालिचे धुणे हा पोट भरण्याचा धंदा होऊ शकतो, हे आपल्याकडे सहसा कोणाला पटायचे नाही. आपल्या घरात फरशी असते. सकाळी झाडली, ओल्या फडक्याने पुसली की दिवसाचे काम झाले. एखादी सतरंजी किंवा जाजम असलेच, तर दिवाळीच्या आधी गच्चीवर नेऊन काठीने झोडपायचे आणि उन्हात टाकायचे. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा ठोकून बसवलेला असतो. तो गुंडाळता येत नाही, गच्चीवर नेता येत नाही. आणि त्याच्यावर मुले रांगतात, कुत्री लोळतात, पाहुण्यांच्या हातून कॉफी सांडते. जॉर्जिया राज्यातले डाल्टन गाव तर या गालिच्यांच्या गिरण्यांवरच नावारूपाला आले. आता जमीनच उचलून धोब्याकडे नेता येत नाही म्हटल्यावर धोब्यानेच घरी आले पाहिजे. तो येतो, मोटार घेऊन येतो, आणि आपली भट्टीही त्या मोटारीतच घालून आणतो.

माझा भाचा हा असा एक धोबी आहे.

हे वाक्य माझ्या बहिणीला आवडायचे नाही. ती पुण्यात शेजारणींना ‘मुलगा स्वच्छतेच्या क्षेत्रात आहे’ असे सांगते, आणि ऐकणाऱ्या बायका त्याचा अर्थ आपापल्या मगदुराप्रमाणे लावतात. मुलगा शिकलेला आहे. अकरा वर्षे संगणकाच्या नोकरीत होता, तिथला नागरिक झाला. मग एके दिवशी कंपनीने त्याच्यासह त्याच्या खात्यातल्या सगळ्यांना नारळ दिला. दुसरी नोकरी शोधण्यात सात महिने गेल्यावर त्याने कर्ज काढून एक जुनी व्हॅन आणि तिच्यात बसवलेले गालिचे धुण्याचे यंत्र विकत घेतले. कोणापुढे हात पसरला नाही. मला तरी यात लाजण्यासारखे काही दिसले नाही. पण मी पडलो मिस्त्री माणूस.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी त्याच्याकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलो. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या एका उपनगरात त्याचे बिऱ्हाड आहे: तो, सूनबाई, आणि तेव्हा दहा महिन्यांची असलेली त्यांची मुलगी. माझी सारी नोकरी बसगाड्यांच्या वर्कशॉपात गेली. चौतीस वर्षे मी इंजिने उघडली आणि मिटली. लोक अमेरिकेला पोचले की नायगारा पाहायला जातात; मी तिसऱ्या दिवशी भाच्याच्या व्हॅनच्या मागच्या दारात जाऊन उभा राहिलो.

यंत्र मोठे नामी आहे. व्हॅनच्या पोटात एक वेगळे पेट्रोलचे इंजिन बसवलेले असते. ते दोन कामे करते. एका बाजूने पाण्याचा पंप चालवते. तो चौरस इंचाला चारशे पौंडांच्या दाबाने गरम पाणी लांबच लांब नळीतून घरात पाठवतो. दुसऱ्या बाजूने ब्लोअर फिरवते; तो गालिच्यात शिरलेले पाणी मळासकट दुसऱ्या, जाड नळीतून परत ओढून घेतो आणि व्हॅनमधल्या टाकीत टाकतो. घरात माणूस फक्त एक लांब दांडा घेऊन फिरत असतो. दांड्याच्या टोकाला पाणी सुटते आणि तिथल्या तिथे शोषले जाते.

या ब्लोअरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भाच्याच्या राज्याला लागूनच इंडियाना राज्य आहे, आणि त्यात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात रूट्स आडनावाच्या दोघा भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी अधिक चांगले पाणचक्र बनवण्याच्या नादात त्यांनी एकमेकांत फिरणारे दोन पाळ्यांचे एक यंत्र केले. पाणचक्र म्हणून ते जमले नाही. पण कोरडे फिरवून पाहिले तेव्हा त्यातून वाऱ्याचा असा झोत आला, की जवळ उभ्या असलेल्या एकाची टोपी उडाली असे सांगतात. १८६० मध्ये त्याचे पेटंट निघाले. आजही गालिचे धुण्याच्या मोटारींतला ब्लोअर त्याच जातीचा असतो. लोकरीच्या गिरणीत जन्मलेल्या यंत्राने शेवटी गालिचे धुवावेत, हा योगायोग मला आवडला. भाच्याला हे ठाऊक नव्हते. आणि ठाऊक झाल्यावरही त्याने ‘अस्सं?’ एवढेच म्हटले. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसाला इतिहासात फारसे सुख नसते.

पण खरी गंमत पुढेच आहे. पाणी तापते कशावर? शेगडी कुठेच नाही. इंजिनात जाळलेल्या पेट्रोलमधली उष्णता, ढोबळ मानाने, एक तृतीयांश कामाला येते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाभोवती खेळणारे कूलंट, म्हणजे थंड राखणारे पाणी, घेऊन जाते. आपल्या मोटारीत ही शेवटची उष्णता रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडून देतात. इथे ती वाया घालवत नाहीत. हीट एक्स्चेंजर म्हणून एक डबा असतो. त्याच्या एका अंगाने तापलेले कूलंट वाहते, दुसऱ्या अंगाने गालिच्याचे पाणी. मध्ये फक्त धातूचा पातळ पडदा. धुराच्या उष्णतेसाठी असाच आणखी एक डबा. दोन्हींतून निघेपर्यंत पाणी जवळजवळ उकळीला येते. फुकटचे गरम पाणी! बंबाखाली जळण सारण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना या व्यवस्थेचे कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

मात्र हे कौतुक महाग पडते. मोटारीत कूलंटला जायला दोन-चार वाटा असतात. या यंत्रात मी मोजल्या तर बारा रबरी नळ्या निघाल्या. बारा नळ्या म्हणजे चोवीस तोंडे, आणि चोवीस तोंडांवर चोवीस क्लिपा. शेजारी इंजिन आणि ब्लोअर दोघे मिळून रात्रंदिवस सुतारपक्ष्यासारखे थरथरणारे. शिवाय प्रत्येक घरी यंत्र तापायचे, मग बंद व्हायचे, रस्त्यात निवायचे आणि पुढच्या घरी पुन्हा तापायचे. धातू फुगतो आणि आकसतो एका मापाने, रबर दुसऱ्या मापाने. अशा संसारात कोणते तरी तोंड वाकडे होणारच.

भाच्याचे यंत्र गेले आठ महिने गळत होते. रोज सकाळी तो कूलंटच्या बाटलीत भर घालायचा, जसे कोणी कुंडीला पाणी घालावे. दुरुस्तीवाल्याने आधी वॉटर पंप बदलला. तीन आठवडे बरे गेले. पुन्हा बाटली रिकामी. मग त्याने दोन नळ्या बदलल्या. पुन्हा तेच. मग भाच्याने बाजारातून गळती बुजवणारी पूड आणून ओतली. ते ऐकून मला आमचे जुने ड्रायव्हर आठवले. रेडिएटरला बारीक भोक पडले की ते वाटेतल्या वाण्याकडून हळद घेत आणि रेडिएटरमध्ये टाकीत. हळद भोकाशी जाऊन बसते, आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. पुढच्या गावापर्यंतच! तिथे रेडिएटर उतरवून झाळ मारायची असते. पुडीचा दोष एवढाच, की तिला भोक कोणते आणि इंजिनाची बारीक वाट कोणती हे कळत नाही. जिथे अरुंद दिसेल तिथे ती बसते.

“मामा, सगळ्याच मशीनचं असं असतं,” भाचा मला म्हणाला. “विकणारासुद्धा म्हणतो, थोडं थोडं गळायचंच.”

“अरे, गळतं ते गळू दे,” मी म्हटले. “पण जातं कुठं? खाली तर टिपूस दिसत नाही.”

आपल्याकडे अशा वेळी ‘पाणी कुठेतरी मुरते आहे’ असे म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी एक वही घेतली आणि चार रकाने आखले: सकाळी थंड असताना बाटलीतली पातळी, दिवसाची घरे, संध्याकाळी यंत्र बंद केल्यावरची पातळी, आणि रात्रीची थंडी. बाटलीवर खडूने रेघ मारली. भाच्याला बजावून ठेवले, की पंधरा दिवस माझ्या नकळत एक थेंबही भर घालायची नाही. घालायची ती मापाने. सूनबाई हसून म्हणाली, “मामा, तुम्ही व्हिसा पाहुणचाराचा घेऊन आलात ना?” मी म्हटले, “अगं, पगार घेतला तर गुन्हा. मामाने मामाचं काम केलं तर कोण काय म्हणणार?”

पंधरा दिवसांत वहीने एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. रात्री पातळी बोटभर खाली यायची. ज्या रात्री थंडी अधिक, त्या रात्री दोन बोटे. हे समजण्यासारखे होते. पण ज्या दिवशी तीन-चार घरे व्हायची, त्या संध्याकाळी बाटली सकाळपेक्षा भरलेली असायची. दोनदा तर वरून वाहून गेलेली. भाचा त्या वाहण्यालाच गळती समजत आला होता. आता रात्री गेलेले पाणी दिवसा परत कसे येईल? जे येत होते ते पाणी दुसऱ्याच कोणाचे तरी असले पाहिजे. म्हणजे गळत्या दोन होत्या. एक बाहेर जाणारी आणि एक आत येणारी. आणि दोघी मिळून एकमेकींचे पाप झाकत होत्या.

बाहेरची आधी सापडली. यंत्र गरम असताना तपासावे तर ते साधूसारखे निष्पाप असते. रबर फुगलेले, धातू फुगलेला, फट बुजलेली. दुरुस्तीवाला नेहमी भर दुपारी, गाडी तापून त्याच्या दारात आल्यावर तपासायचा. त्याला काही दिसले नाही यात नवल नव्हते. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस एका पहाटे पाचला उठलो. गॅरेजात हात बधिर होत होते. रेडिएटरचे झाकण काढून त्या जागी एक छोटा हातपंप बसवला. त्याला दाबाचे घड्याळ असते. झाकणावर जेवढा आकडा लिहिलेला असेल तेवढाच दाब द्यायचा, जास्त नाही. आमच्या झाकणावर १५ पौंड होते. काटा १५ वर नेला आणि चहा प्यायलो. वीस मिनिटांत काटा ११ वर आला.

कूलंटमध्ये आम्ही आदल्या दिवशी एक पिवळा रंग घातला होता. जांभळ्या, म्हणजे अतिनील दिव्याखाली तो काजव्यासारखा चमकतो. भाच्याने दिवा धरला आणि मी आरसा घेऊन यंत्रामागे वाकलो. डब्याच्या मागच्या अंगाला, व्हॅनच्या पत्र्याकडे तोंड करून एक नळी होती. तिच्या क्लिपेखाली हिरवट-पिवळी माळ लटकत होती. खालचा थेंब रबरी चटईच्या कडेवर पडून चटईखाली जात होता, आणि दिवसा इंजिनाच्या धगीने तिथेच वाळत होता. म्हणून जमिनीवर टिपूस नाही. बोटाने खरवडले तर पांढरट-हिरवा खार निघाला. महिनोन् महिने साचलेला.

क्लिप सैल नव्हती, उलट आवळून आवळून रबरात रुतली होती. स्क्रूच्या क्लिपेचे हेच असते. गरम असताना आवळली की रबर दबते आणि दबलेले राहते; थंडीत नळी आकसली की क्लिप मात्र जिथल्या तिथे. मग माणूस अजून एक आटा देतो. अशाने नळी कापली जाते, पण थेंब थांबत नाही. यावर उपाय आहे स्प्रिंगच्या क्लिपांचा. रबर फुगले तर त्या उघडतात, आकसले तर मिटतात. आम्ही चोवीसच्या चोवीस बदलल्या. नळ्यांखालच्या धातूच्या तोंडांवर गंज चढला होता, तो बारीक कागदाने घासून काढला. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणून तर ते कोणी करत नाही.

आता दुसरी गळती. कूलंट म्हणजे नुसते पाणी नव्हे. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल, शिवाय गंज न चढू देणारी औषधे. या निम्म्या-निम्म्या मिश्रणाने दोन्ही टोके सांभाळली जातात: ते गोठते उणे ३७ अंशांना आणि उकळते १०६ला, १५ पौंडांचे झाकण असेल तर १२९च्या आसपास. पूर्वी बोरघाटात फियाट आणि अँबॅसडर गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या गाड्यांत बहुधा साधे पाणी असे. (आजही आपल्याकडे कित्येक गाड्यांत बोअरचे पाणी ओतून वेळ भागवतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरे, पण गंज आणि क्षार यांना बर्फ लागत नाही. आणि वाचकांपैकी ज्यांना स्वतः बाटली पाहायची हौस आहे त्यांनी ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी; तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून हात भाजून घेतलेली माणसे मी डझनाने पाहिली आहेत.)

मिश्रण किती दाट आहे ते पाहायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी मिळते. काचेवर थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. भाच्याचे कूलंट उणे ३७ ऐवजी उणे ९ला गोठण्याइतके पातळ झाले होते. आणि भर घालताना तो तयार मिश्रणच घालत होता, साधे पाणी नव्हे. म्हणजे गालिच्याचे पाणी त्यात शिरत होते. वाट एकच: डब्यातला पातळ पडदा. त्याच्या एका अंगाला १५ पौंड आणि दुसऱ्या अंगाला ४०० पौंड. पडद्याला सुईएवढे छिद्र पडले तरी यंत्र चालू असेपर्यंत पाणी कूलंटमध्ये घुसणार. ओहायोत जानेवारीत उणे ९ ही काही मोठी थंडी नव्हे. गोठलेले पाणी फुगते आणि इंजिनाचा लोखंडी ठोकळा चिरते. मग ते इंजिन भंगारात. हे भाच्याला सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

पण सूनबाईने निराळाच प्रश्न विचारला. ती मुलीला भरवत होती. “मामा, मशीन बंद केल्यावर काय होतं? मग दाब कुठल्या बाजूला जास्त?”

चौतीस वर्षांत मला एवढा नेमका प्रश्न फार थोड्या फिटरांनी विचारला असेल. यंत्र बंद केले की गालिच्याच्या पाण्याचा दाब दांड्यावाटे सुटून जातो. तापलेल्या कूलंटचा दाब मात्र बराच वेळ राहतो. तेव्हा त्याच छिद्रातून उलटा प्रवास, म्हणजे कूलंट पाण्यात. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या घराच्या गालिच्यावर पहिले पाणी तेच.

एथिलीन ग्लायकॉल हे चवीला गोड विष आहे. कुत्रीमांजरे ते आवडीने चाटतात आणि थोडक्यात मरतात. मूत्रपिंडे निकामी होतात. २०१२ पासून अमेरिकेतले कारखानदार त्यात कडू औषध घालू लागले, ते याचसाठी. आपल्याला हे विष परके नाही. त्याचे सख्खे भावंड डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले, आणि चौदा माणसे दगावली. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या चौकशीने त्या वेळी महाराष्ट्र हादरला होता. माझ्या पिढीला ते अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही तपासले. साबण मुद्दाम घातला नाही, कारण धुण्याच्या साबणातली पांढरेपणाची द्रव्येही त्या दिव्याखाली निळी चमकतात आणि फसवतात. आदल्या संध्याकाळी तापवून ठेवलेले यंत्र सुरू केले, दांड्यातले पहिले पाणी पांढऱ्या बादलीत धरले, गॅरेजचा दिवा मालवला आणि जांभळा दिवा लावला. बादली अगदी फिकट, पण निःसंशय हिरवी उजळली. शेजारी नळाच्या पाण्याची बादली ठेवली होती, ती काळीच राहिली.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, हजारात एखादा भाग असेल. आणि सोडलेलं पाणी आपण परत ओढूनही घेतो.”

तो म्हणत होता ते खोटे नव्हते. प्रमाण थोडेच होते. पण नोव्हेंबर लागला होता. तिकडे त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो; घरोघर पाहुणे येतात आणि त्याआधी सगळ्यांना गालिचे धुवून हवे असतात. या धोब्यांची ती दिवाळीच. भाच्याच्या वहीत एकोणीस घरे नोंदलेली होती. नवा डबा यायला दहा दिवस लागणार होते, आणि हप्त्याची तारीख त्याच दहा दिवसांत होती. तो मनातल्या मनात हिशेब करत होता ते मला दिसत होते, आणि त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही.

सूनबाईने मुलीला खाली सोडले. पोर रांगत थेट सोफ्याखाली गेली आणि तिथला एक दाणा उचलून तोंडात घातला. तो काढून घेत सूनबाई म्हणाली, “आपल्या घरचा गालिचा उद्या या मशीननं धुवाल?”

त्याने डोके हलवले. मग तिने वही घेतली, फोन घेतला आणि एकोणीस घरांना एकेक करून खरे ते सांगितले: यंत्र नादुरुस्त आहे, पाण्यात इंजिनाचे कूलंट उतरते आहे, दुरुस्त होईपर्यंत आम्ही येणार नाही. सात जणांनी दुसरा धोबी पाहिला. दोघे तिरसटपणे बोलले. बाकीच्यांनी तारीख बदलून घेतली. पण ती तिथेच थांबली नाही. मागची पाने उलटून, गेल्या तीन आठवड्यांत दिवसाचे पहिले घर कोणते होते ते तिने काढले, आणि त्यांतल्या ज्यांच्याकडे लहान मुले किंवा जनावरे होती अशा नऊ घरांनाही फोन केले. भाचा म्हणत होता, “अगं, त्यांना कुठं कळणार आहे?” ती फोन लावतच होती. त्याच धंद्यातल्या एका मेक्सिकन गृहस्थाने आपले हाताने ढकलायचे लहान यंत्र तीन दिवस उसने दिले, भाडे घेतले नाही. त्या यंत्राने भाच्याने ती नऊ घरे नुसत्या स्वच्छ पाण्याने फुकट धुवून दिली. कुठेही काही विपरीत झालेले नव्हते. एका आजीबाईंचे म्हातारे कुत्रे तर दारातच त्याच्या अंगावर चालून आले. इतक्या ठणठणीत कुत्र्याला पाहून त्याला आयुष्यात प्रथमच आनंद झाला असेल.

डबा आला. जुना उतरवून मी तो गॅरेजात करवतीने कापला. असले काम मला पक्वान्नासारखे लागते. आतल्या बारीक वाटा राखाडी गाळाने बुजल्या होत्या. ती सगळी गळती बुजवायची पूड! एका कोपऱ्यात गाळाखाली धातू चाळणीसारखा झाला होता. कूलंट पातळ होत गेले तशी त्यातली गंजरोधक औषधेही पातळ होत गेली, आणि गाळाच्या आड गंजाने निवांत काम केले. एका छिद्रातून पाणी आत आले, आणि त्या पाण्याने पुढची छिद्रे पाडली.

मग सगळे कूलंट बाहेर काढले. ते मोरीत सोडायचे नसते. डब्यांत भरून गावाच्या टाकाऊ तेला-रसायनांच्या केंद्रावर नेऊन दिले. डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा पोट धुतले. नळाच्या पाण्यात क्षार असतात. या वेळी एथिलीनऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट भरले. ते पुष्कळच कमी विषारी असते, किंमत थोडी जास्त पडते, आणि आमच्या इंजिनाच्या पुस्तकात ते चालते असे लिहिलेले होते. दोन्ही जातींची सरमिसळ करू नये, आणि रंगावरून जात ओळखू नये; हिरवे, नारिंगी, गुलाबी असे रंग प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने देतो. झाकणही नवे बसवले. झाकणाची स्प्रिंग थकली की दाब राहत नाही, कूलंट लवकर उकळते आणि माणूस उगाच इंजिनाच्या हेड गॅस्केटवर संशय घेतो. झाकण स्वस्त असते. गॅस्केटचे काम घर गहाण टाकायला लावते.

शेवटी पुन्हा पहाटेची परीक्षा. १५ पौंड दाब दिला, चहा झाला, न्याहारी झाली, तरी काटा हलला नाही. त्या रात्री पहिल्या पाण्याची बादलीही नळाच्या बादलीसारखी काळीच राहिली.

हप्ता त्या महिन्यात अकरा दिवस उशिरा गेला आणि त्यावर दंड बसला. फोन केलेल्या नऊ घरांपैकी पाच घरांनी डिसेंबरात पुन्हा बोलावले, आणि एकीने आपल्या तीन शेजारणींना सांगितले. दुसरीने काही न बोलता दुसरा धोबी धरला. जानेवारीत एका रात्री पारा उणे १८वर उतरला, तेव्हा भाचा पहाटे कोट चढवून गॅरेजात गेला आणि परत येऊन मला नुसता अंगठा दाखवला.

फेब्रुवारीत मी परत आलो. वही आता सूनबाई लिहिते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी बाटलीची चौकशी केली. गेल्या दहा महिन्यांत एकंदर दोन पेले भर घालावी लागली, असे ती म्हणाली. आणि त्यातला एक पेला तिच्या मते बाटलीत गेलाच नाही, तो भाच्याने व्हॅनमध्ये सांडला.